मधली पुळण

"काय नाय हो डॉक्टरानू. निसतो चिखल हा थंय," आये म्हणाल्या, आणि मी वहीत तसंच लिहून घेतलं.

आये म्हणजे माझ्या सासूबाई, सत्यभामा कोयंडे. वेळशीच्या धक्क्यावर उन्हाला डोळ्यांवर आडवा हात धरून त्या उभ्या होत्या आणि पुण्याहून आलेले डॉ. हर्डीकर गुडघ्यावर नकाशा पसरून त्यांना विचारत होते, की खाडीच्या मधोमध ओहोटीला उघडी पडते ती पुळण कसली, तिथे काही मिळतं का. आयेंच्या मागे आमच्या वाडीतल्या पाच-सहा बायका होत्या. त्यांनीही एकेक करून तीच साक्ष दिली. एकीने सांगितलं, थंय पाय रुततत. दुसरी म्हणाली, कुर्ल्योसुद्धा गावणत नाय. डॉक्टरांनी मान डोलावली. मी लिहिलं, 'मधली पुळण: स्थानिकांच्या मते निव्वळ चिखल, शिंपले नाहीत.' त्या वेळी आमच्या मागच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली पाटीभर तिसरे झाकलेले होते, आणि ते पहाटेच त्या पुळणीवरून मी आणि आयेंनी काढून आणले होते.

तिसरे म्हणजे शहरात ज्यांना तिसऱ्या म्हणतात ते शिंपले. वेळशीच्या बायकांचं अर्धं आयुष्य त्यांच्यावर चाललेलं. पुरुष समुद्रावर, मासे मिळाले तर मिळाले. पण पुळण कधी उपाशी ठेवत नसे. म्हणूनच तिच्याबद्दल खरं बोलायचं नाही, असा आमच्यात कडक नेम होता. पाटी डोक्यावर गच्च भरलेली असली आणि वाटेत कुणी विचारलं, तरी उत्तर एकच, काही मिळालं नाही. पैलतीरच्या सडेगावला नाही सांगायचं, माहेरी नाही सांगायचं, नवऱ्यालाही जागा बोट करून दाखवायची नाही. घरात सून आली, की दोन पावसाळे ती टिकते का ते बघायचं आणि मग पहाटेच्या एका सुकतीला, म्हणजे पुऱ्या ओहोटीला, तिला पुळणीवर न्यायचं. मी कुडाळच्या पोस्टमनची मुलगी. मला न्यायला आयेंनी तीन पावसाळे घेतले. माझ्या बीएस्सीवर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

आता या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तेव्हा वेळशीचं बंदर मोठं करायचं ठरलं होतं. बोटी आत याव्यात म्हणून खाडी खोल करायची, म्हणजे तळाचा गाळ उपसायचा. ते करताना खाडीतल्या जिवांचं कमीत कमी नुकसान कसं होईल, हे ठरवायचं काम डॉक्टरांकडे होतं. कोणत्या महिन्यांत उपसायचं नाही, गाळ पसरू नये म्हणून पाण्यात पडदा कुठे सोडायचा, उपसलेला गाळ टाकायचा कुठे, असं सगळं. गावात प्राणिशास्त्र शिकलेली मी एकटीच, म्हणून मला स्थानिक मदतनीस नेमलं. मी बाटल्या भरायची, वह्या लिहायची आणि डॉक्टरांचं पुणेरी मराठी बायकांना मालवणीत सांगायची. मला माझ्या हुशारीचा भलताच अभिमान होता.

डॉक्टर माणूस सरळ. इतका सरळ, की त्यांच्याशी खोटं बोलताना आपल्यालाच वाकडं झाल्यासारखं वाटायचं. जिथे काही नाही असं लोक सांगत, तिथेही एक तरी नमुना घ्यायचाच असा त्यांचा शिरस्ता होता. मधल्या पुळणीच्या उत्तरेच्या टोकाला त्यांनी होडीतून तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा सोडला. वर आला तो काळा, वासट चिखल. त्यांनी तो चाळणीत धुतला, काही राहिलं नाही. तिथून दक्षिणेला चाळीस पावलांवर पाय ठेवाल तिथे तिसरे होते. मी होडीत बसून ती चाळीस पावलं डोळ्यांनी मोजली आणि गप्प राहिले. मग कागदाखाली सही केली, सौ. चित्रा कोयंडे.

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकते. उलट, आपण आता खऱ्या वेळशीच्या झालो असं वाटलं होतं.

तीन महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. डॉक्टरांनी फळ्यावर मोठा नकाशा लावला. एका बाजूला आमची वाडी बसलेली, दुसऱ्या बाजूला सडेगावचे लोक, पुढच्या खुर्च्यांवर बंदराच्या कंपनीची दोन माणसं. नकाशा मराठीत वाचून दाखवायचं काम माझं. तांबडा रंग म्हणजे जिथे खणायचं. हिरवा म्हणजे जिथे कुणीही हात लावायचा नाही. खाडीच्या मुखाजवळचं सगळं कांदळ, म्हणजे खारफुटीचं रान, हिरवं होतं. डॉक्टरांनी मला मध्येच थांबवून स्वतः सांगितलं, की कंपनीला गाळ कांदळात टाकायचा होता, तेच जवळ पडत होतं. पण आपण महिनाभर भांडून ते वाचवलं. माशांची पिल्लं तिथे वाढतात. त्यांचा चेहरा खुलला होता. मग ते म्हणाले, गाळ आता अशा ठिकाणी जाईल जिथे काही जगतच नाही.

मी काठी पुढे सरकवली. तपकिरी रंग. मधली पुळण, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माझी काठी तिथेच अडली. डॉक्टरांना वाटलं मी ओळ विसरले, म्हणून त्यांनीच वाचलं. मी बायकांकडे बघितलं. एकीच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. बाजार असो की मयत, पुळणीचा विषय निघाला की हे चेहरे असेच होत, आणि त्या दिवशी ते मला पहिल्यांदा भयंकर वाटले. आये माझ्याकडे टक लावून बघत होत्या. बोलू नको, एवढंच त्यात होतं.

शेवटी आमच्या शेजारच्या सुलोचनाकाकी उठल्या. गाळ थंय टाकू नको, म्हणाल्या. डॉक्टरांनी अदबीने विचारलं, का. काकींनी सडेगावच्या लोकांकडे एक नजर टाकली. "आमका बरा वाटणा नाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. सडेगावची मंडळी हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, मला एक कारण द्या, लहानसं का असेना, मी नकाशा बदलतो. उद्या दुपारी चारला मी सही करून निघणार आहे, तोवर कधीही या. कुणीच बोललं नाही, आणि न बोलणाऱ्यांत मीही होते.

संध्याकाळी आये मागच्या दारी बांगडे साफ करत बसल्या होत्या. मी समोर बसले. म्हटलं, आये, ही पुळण बुजली तर तीस घरांनी खायचं काय. त्या म्हणाल्या, देव बघतलो. मी म्हटलं, देवाला मध्ये कशाला आणता, चाळीस पावलांचा प्रश्न आहे, मी उद्या डॉक्टरांना सांगते. त्यांनी विळी बाजूला ठेवली.

"तू सांगशीत, ते लिवतले. कागदार गेलेली वस्तू आपली ऱ्हवणा नाय, चित्रा."

"आणि गाळाखाली गेली तर ऱ्हवात?"

"चिखलाखाली गेली तर आपली म्हणान जायत. कागदार गेली तर दुसऱ्याची म्हणान ऱ्हवात." त्यांनी परत विळी ओढली. "माका तुका पुळणीर न्हेऊक नको होता."

मी उठून आत गेले आणि फोन लावून बघितला. माझा नवरा रमाकांत मालवाहू जहाजावर खलाशी. तो तेव्हा आफ्रिकेच्या बाजूला कुठेतरी होता आणि फोन लागत नव्हता. लागला असता तरी त्याने काय सांगितलं असतं? त्याला तर पुळणीवरची नेमकी जागाही ठाऊक नव्हती. बोलावं तर घर तुटणार, वाडी तुटणार आणि डॉक्टरांपुढे मी खोटी सही करणारी ठरणार. गप्प बसावं तर पुढच्या महिन्यात नळ्यांतून गाळ येऊन पडणार, आणि तो कुठे पडतोय हे ठाऊक असून आम्ही तीसजणी काठावर उभ्या राहून बघणार. दोन्हीकडून दार बंद. सगळ्यात वाईट म्हणजे हे दार आम्हीच ओढून घेतलं होतं, आणि कडी माझ्या हाताने लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुकती होती. आये बाजाराला गेल्या तशी मी डॉक्टर उतरले होते त्या घरी गेले आणि त्यांना म्हटलं, बूट काढून माझ्याबरोबर चला. ते काही न विचारता आले. दक्षिणेच्या अंगाने, माडांच्या आडून, गुडघाभर पाण्यातून आम्ही पुळणीवर चढलो. आडून कसलं म्हणा. उजाडल्यावर खाडीत दोन माणसं चालली की दोन्ही काठांना दिसतात, म्हणून तर आम्ही बायका अंधार असतानाच जायचो. मी मागे वळून बघितलं नाही.

"आता टाचेवर जोर द्या आणि पाय फिरवा," मी म्हटलं.

त्यांनी फिरवला. थांबले. दुसरा पाय फिरवला. मग ते पँट न सावरता खाली बसले आणि हातांनी उकरायला लागले. हातभर चौकोनात त्यांनी सत्तावीस मोजले. लहान, मोठे, नखाएवढी पिल्लंसुद्धा. त्यांनी ते एकेक करून परत वाळूत खोचले.

"तुमची सही आहे त्या कागदावर," ते म्हणाले.

"हो."

"मी कांदळ वाचवल्याच्या आनंदात होतो. आणि तुम्ही मला इथे गाळ टाकायला लावत होतात." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "का?"

मी सगळं सांगितलं. दोन पावसाळ्यांचा नेम, पाटीवरचं गोणपाट, सडेगाव, सगळं. शास्त्र शिकलेल्या माणसापुढे ते बोलताना मला लाज वाटत होती आणि ते सांगून टाकल्याबद्दल त्याहून जास्त लाज वाटत होती. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, किती बायका येतात इथे. मी म्हटलं, तीस घरच्या.

डॉक्टर उठले आणि दोन्ही काठांकडे बघत म्हणाले, "तपकिरी मी आजच पुसतो, ते माझ्या हातात आहे. प्रश्न असा आहे की त्या जागी भरायचं काय. रंग न देता सोडली, तर दोन वर्षांत कंपनी इथे बोटी नांगरायला जागा मागेल आणि तिला ती मिळेल. त्यांना थोपवायचं तर हिरवाच द्यावा लागेल."

"मग द्या की."

"हिरव्यात कुणालाच जाता येत नाही, चित्राताई. कुणालाच. तुम्ही तीस जणींनी काढायचं आणि बाकीच्यांनी नाही, असा रंग माझ्याकडे नाही. मी मागून बघितलाय पूर्वी, दुसऱ्या खाडीसाठी. मिळाला नाही." त्यांनी हातांची वाळू झटकली. "घरी विचारून या हवं तर. मी चारपर्यंत आहे."

भरती लागली होती. पाणी आमच्या घोट्यांना आलं. घरी विचारून यायचं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. आयेंचं उत्तर त्यांनी आदल्या दिवशीच दिलेलं होतं, आणि ते मला अडाणी बाईचा हट्ट वाटलं होतं. आता तेच एक शिकलेला माणूस मला नीट समजावून सांगत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण पायाखाली ते टणक, गोल अंग लागत होतं आणि ते जिवंत होतं.

"करा हिरवा," मी म्हटलं.

तीस घरांचं मी एकटीने ठरवलं. कुणालाही न विचारता.

नकाशा बदलला. गाळ आणखी दूर, भर समुद्रात नेऊन टाकायचं ठरलं. कंपनी कुरकुरली, पण डॉक्टरांनी हिसका दाखवला. उपसा सुरू झाला तेव्हा पुळणीच्या चहूबाजूंनी पडदा सोडलेला मी बघितला. पाणी पलीकडे गढूळ आणि अलीकडे स्वच्छ. माझ्या कामाचं एवढं चोख फळ मी आयुष्यात दुसरं बघितलेलं नाही. पुढच्या वर्षी पुळणीभोवती हद्द दाखवणारी पिवळी बोयरी तरंगायला लागली आणि धक्क्यावर फलक आला: संरक्षित क्षेत्र, प्रवेशास व शिंपले काढण्यास मनाई. सडेगावलाही मनाई आणि आम्हालाही. दर सहा महिन्यांनी तिथले तिसरे मोजायला एका स्थानिक व्यक्तीला परवाना मिळाला. त्यावर माझा फोटो होता. अख्ख्या वेळशीत पुळणीवर पाय ठेवायची मुभा असलेली बाई मी एकटीच.

वाडीने मला काही म्हटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. विहिरीवर मी गेले की विषय पावसावर जायचा, एवढंच. काही जणी बंदराच्या खानावळीत कामाला लागल्या, काहींनी मुंबईचा रस्ता धरला. आये माझ्याशी बोलेनाशा झाल्या. अगदीच अडलं तर दाराशी बसलेल्या मांजराला सांगत, भात वाढलेलो हा, पोस्टाचा कागद इलेलो हा. रमाकांत सुटीवर आला तेव्हा त्याने दोघींच्या मध्ये बोलायचा एकदा प्रयत्न केला आणि दोघींच्याही शिव्या खाल्ल्या. मोजणीच्या दिवशी मी ओल्या साडीने घरी यायची. आये माझ्या पायांकडे बघायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही आकडा कधी बोलले नाही. तो डॉक्टरांना फोनवर कळवायची. ते खूश व्हायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी संरक्षित क्षेत्रावर नेमलेल्या रखवालदाराचा धक्क्यावरून निरोप आला, पुळणीवर एक बाई सापडलीय, ओळख पटवायला या. मी धावत गेले. त्याच्या होडीत आये बसल्या होत्या. लुगडं कंबरेपर्यंत भिजलेलं, मांडीवर पाटी. पाटीत एकही तिसरा नव्हता. रखवालदार चांगला मुलगा होता, पण बाहेरचा. त्याला वाटत होतं म्हातारीने आपल्याला बघून माल पाण्यात टाकला. तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि आये त्याला एकच सांगत होत्या, काय नाय. शेवटी त्याने वहीत नाव लिहिलं, पुन्हा आलात तर केस होईल अशी ताकीद दिली आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी माझ्या सासूच्या नावाखाली सही केली.

घरी येताना त्या पुढे आणि मी दोन पावलं मागे. हिरवा रंग देण्याआधी डॉक्टरांनी मला घरी विचारून या असं म्हटलं होतं आणि मी कुणालाच न विचारता हो म्हटलं होतं, हे आज सांगून टाकायचं असं मी ठरवत होते. कसं सुरू करावं ते सुचेना, म्हणून भलतंच विचारलं.

"काढूचे नव्हते, तर गेलास कित्याक?"

दोन वर्षांनी त्या थेट माझ्याशी बोलल्या. "बघूक. जिते हत की मेले ता." थोडं चालून पुढे म्हणाल्या, "पायान बघलंय. भरान हत. पिलां पण हत."

"माका विचारूचा होतात ना, आये. मी वर्साक दोनदा मोजतंय."

"तू सांगितलं असतंस, तरी माका खरा वाटला नसता," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात पुळणीबद्दल खरा कोण बोलता?"

आपल्या घरात, असं त्या म्हणाल्या. मी सांगणार होते ते तोंडातच राहिलं आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. आये थांबल्या नाहीत, पण चाल हळू केली.